रुळांतली वीज

वडोदऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना आठवत असेल, विरारजवळ आपल्या गाडीची वीज बदलायची. उत्तरेकडे २५,००० व्होल्ट एसी, मुंबईकडे १,५०० व्होल्ट डीसी. दोन्हींवर चालणारी इंजिने खास याच कामासाठी होती.

मुंबईची डीसी सुरू झाली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. वरच्या तारेतून वीज येते हे सगळ्यांना दिसते. ती परत जाते कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. ती जाते रुळांतून! व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह हजारो अँपिअरचा. त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि जवळपासचे लोखंडी पाइप कुरतडतो.

त्याच रुळांवर सिग्नलचीही वीज असते. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळाचा एक तुकडा वेगळा करायचा, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेची वीज तुटते, सिग्नल लाल. बॅटरी उतरली, वायर निघाली, रूळ पार तुटला तरी लालच. आमच्या खात्यात बिघाड झाला की फाइल हरवते. इथे बिघाड झाला की गाडी थांबते.

आता हजारो अँपिअरच्या पुरात ही इवलीशी वीज ओळखायची कशी? डीसी गाड्यांच्या मार्गावर सिग्नलला एसी दिली, आणि तुकड्यांच्या सांध्यांवर इम्पिडन्स बाँड बसवले. ते गाडीच्या डीसीला वाट देतात, सिग्नलच्या एसीला अडवतात. एसी मार्गावर उलट, सिग्नलला डीसी चालते. म्हणून मुंबईचे एसीकरण म्हणजे नुसती तारेतली वीज बदलणे नव्हते. रुळांतले सिग्नलही त्या विजेला चालतील असे करावे लागले. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरची डीसी २०१६ साली बंद झाली, तेव्हा हे काम संपले. व्होल्टेज सोळापटीहून जास्त, त्यामुळे तेवढ्याच शक्तीला प्रवाह तितकाच कमी.

पावसाचा त्रास मात्र राहिलाच. खडीत पाणी साचले की वीज एका रुळातून दुसऱ्यात गळते, रिलेला वाटते गाडी उभी आहे. आता पुष्कळ ठिकाणी चाके मोजणारे अॅक्सल काउंटर आहेत, पण पाण्याखाली गेले तर तेही बिघडतात. गणपतीला मुंबईला जाताना गाडी मध्येच लाल सिग्नलला थांबली, तर मोटरमनला शिव्या देण्याआधी खिडकीतून खडीकडे एकदा पाहा.