सह्याद्रीतील एक वृक्ष आणि प्रतिलेखनाचे दीर्घीकरण

जनुकावरील मजकूर आरएनएच्या रूपाने उतरवून घेण्याच्या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. या क्रियेचे नियंत्रण मुख्यतः तिच्या प्रारंभीच होते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः मानवी पेशीतील अनेक जनुकांवर आरएनए-पॉलिमरेज हे विकर सुमारे वीस ते साठ घटक जोडून थबकते. पुढील दीर्घीकरणासाठी त्यास अन्य प्रथिनांचे साहाय्य लागते. या प्रथिनांच्या शोधाचा इतिहास अमेरिका व जपान येथील प्रयोगशाळांचा म्हणून सांगितला जातो. त्यातील एक धागा मात्र मुंबईशी जोडलेला आहे.

फळमाशीच्या उष्णताघात-जनुकावर विकर थबकलेले असते, हे जॉन लिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ ते १९८८ या काळात दाखविले. १९९५ मध्ये डेव्हिड प्राइस यांच्या आयोवा येथील प्रयोगशाळेने हा अडथळा दूर करणारा पी-टेफ-बी हा घटक फळमाशीच्या पेशींतून शुद्ध स्वरूपात मिळविला. सीडीके-९ व सायक्लिन-टी ही त्याची दोन अंगे होत. एचआयव्ही विषाणूचे टॅट प्रथिन मानवी पेशीतील हाच घटक आपल्या कामास जुंपते, हे १९९७-९८ मध्ये उघड झाले. विकरास रोखून धरणारे डीएसआयएफ व एनईएलएफ हे घटक हिरोशी हांडा यांच्या जपानी गटाने १९९८ व १९९९ मध्ये प्रसिद्ध केले.

याच्या कितीतरी आधी मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात निराळेच कार्य चालले होते. डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम हा सदाहरित अरण्यातील वृक्ष. बालाघाटच्या कोरड्या माळावर तो वाढत नाही, सह्याद्रीत वाढतो. दाहशामक द्रव्याच्या शोधात आर. जी. नाईक व सहकाऱ्यांनी त्यातून रोहितुकीन वेगळे केले आणि त्याची रचना व संश्लेषण १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. हे नाव पूर्वीचे होय. १९७९ मध्ये हे द्रव्य ज्या दुसऱ्या वृक्षात आढळले, त्याच्या शास्त्रीय नावात संस्कृत ‘रोहितक’ शब्द सामावलेला आहे. रोहितुकिनातील एका मिथिल गटाच्या जागी क्लोरोफेनिल गट आणून फ्लेव्होपिरिडॉल सिद्ध झाले. पेशीविभाजन रोखणारे द्रव्य म्हणून कर्करोगाच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या.

इ. स. २००० मध्ये प्राइस यांच्या गटाने दाखविले की, फ्लेव्होपिरिडॉल पी-टेफ-बीस अत्यल्प मात्रेत निष्प्रभ करते आणि एचआयव्हीची वाढ थांबविते. तेव्हापासून दीर्घीकरण रोखून त्याचा अभ्यास करण्याचे ते एक प्रमुख साधन बनले. मात्र बहुसंख्य जनुकांना याच घटकाची गरज असल्यामुळे निरोगी पेशींनाही त्याची झळ पोहोचते. औषध म्हणून त्याच्या मर्यादा येथेच आहेत.

मुंबईच्या संशोधकांनी दीर्घीकरणाचा शोध लावला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु विचाराचा इतिहास लिहिताना साधनाचा इतिहास वगळला, तर तो अपुराच राहील.