किनाऱ्यावरचा वलीमा आणि जमातीच्या देगा

दापोली, गुहागर किंवा श्रीवर्धनच्या बाजूला समुद्रकाठी निकाह आणि वलीमा करायचे ठरले की घरातली कर्ती माणसे कागदावर दोन रकाने आखतात. एक जेवणाचा, दुसरा भाड्याच्या सामानाचा. पहिल्यात बिर्याणी, तळलेली मासळी, गोड, पाणी. दुसऱ्यात मंडप, खुर्च्या, टेबले, ताटे, रोषणाई, जनरेटर, बर्फाच्या पेट्या. वाद होतो तो पहिल्या रकान्यावर, सुरमई की पापलेट असा. पैसा मात्र दुसऱ्या रकान्यातून गळत असतो. हा दुसरा रकाना कोकणी मुसलमानांच्या लग्नात कुठून आला, हे तपासण्यासारखे आहे, कारण दोन-तीन पिढ्यांपूर्वी तो जवळजवळ नव्हताच.

या किनाऱ्यावरची मुस्लिम वस्ती जुनी. अरब प्रवासी मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजचे चौल. सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि इथेच जन्मलेले असे सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहत असल्याचे तो नोंदवतो. इथेच जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. त्यांचे व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, हेही तो सांगतो. या प्रमुखापासून आजच्या गावजमातीपर्यंत सरळ धागा ओढण्याचा मोह मला होतो, पण तेवढा पुरावा नाही. एवढे मात्र दिसते की आपले व्यवहार एकत्र बसून पाहण्याची सवय या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वीही होती.

मसूदीने जेवणाचे वर्णन केले नाही. ती उणीव इब्न बतूताने चौदाव्या शतकात भरून काढली. कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला होन्नावर आहे. तिथले नवायत आणि आपण कोकणी, दोघेही शाफई, दोघेही दर्यावर्दी. तिथल्या सुलतानाकडचे जेवण बतूताने बारकाईने लिहून ठेवले आहे. तांब्याचे मोठे ताट मांडतात, त्याला तो 'तालम' म्हणतो. आपल्या कानाला त्यात थाळा ऐकू येतो. मोठ्या तांब्याच्या पळीने भात वाढतात, वर तूप सोडतात, बाजूला मिरी, आले, लिंबू आणि आंब्याचे लोणचे. मग कोंबडी, पुन्हा भात. मग मासळी, पुन्हा भात. मग तुपातल्या भाज्या आणि शेवटी ताक. पाणी पितात ते गरम, कारण पावसाळ्यात थंड पाणी बाधते. पुढे एकदा तो याच सुलतानाकडे अकरा महिने राहिला आणि तेवढ्या काळात त्याला भाकरी-रोटी दिसलीच नाही, नुसता भात. मोरोक्कोच्या माणसाने यावर कुरकूर करावी हे साहजिक आहे. पण किनाऱ्यावर शेकडो माणसांना जेवू घालायचे असेल तर भातासारखे दुसरे अन्न नाही, हे त्या किनाऱ्याला तेव्हाही ठाऊक होते. आज कोकणातल्या रिसॉर्टवर तंदूर भाड्याने आणून नान लावणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आता सामानाकडे येऊ. कोकणातल्या कित्येक गावांत लग्नाची भांडी घराची नसत, जमातीची असत. मशिदीजवळच्या एखाद्या खोलीत तांब्याच्या देगा पालथ्या घातलेल्या, शेजारी पराती, तबके, कफगीर, पाण्याचे हंडे, जाजमे आणि गुंडाळलेले लांबलचक दस्तरखान. देगेच्या काठावर जमातीचे नाव, देणाऱ्याचे नाव, साल. कोणी बोटीवरच्या नोकरीतून पैसे पाठवून एक देग घेतलेली, कोणी आईवडिलांच्या इसाले सवाबसाठी दिलेली. लग्नघराने तारीख कळवायची, भांडी मोजून न्यायची, घासूनपुसून मोजून परत करायची. द्यायचे ते कल्हईपुरते. तांब्यात दही, चिंच, कोकम पडले की अन्न कळकते, म्हणून लग्नसराईआधी कल्हईवाला बोलावणे हा जमातीचा मुख्य खर्च असे. मंडप खळ्यात पडे, माडाच्या झावळ्यांचा आणि बांबूंचा, आणि तो गावातले तरुणच बांधत. चूल जांभ्याच्या तीन चिऱ्यांची.

या व्यवस्थेचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता, पण फार मोठा होता. गावात आठ देगा असतील तर गावातला सर्वांत मोठा वलीमा आठ देगांचा. पैसेवाल्यालाही नववी देग सहज मिळत नसे. शेजारच्या गावाकडून मागवता येई, पण मग त्या गावालाही आवतण द्यावे लागे! आणि गरिबाच्या मुलीच्या लग्नाला त्याच आठ देगा त्याच कल्हईच्या दराने मिळत. दावतीला वरून मर्यादा आणि खालून आधार, दोन्ही एकाच खोलीत ठेवलेले असत.

बसण्याची पद्धतही सामान कमी लागेल अशी. एका तबकाभोवती पाच जण. पाचशे माणसे शंभर-शंभरच्या पाच बैठकांत जेवली तर वीस तबके पुरतात. तीच पाचशे माणसे आज बुफेला रांगेत उभी केली की पाचशे ताटे, तेवढ्याच वाट्या-चमचे, टेबले, टेबलांवरची कापडे आणि ताट हातात धरून बसायला पाचशे खुर्च्या. भात तेवढाच. बिर्याणीचा साधा हिशेब किलोभर तांदळात आठ-दहा माणसे असा धरतात. म्हणजे पाचशे माणसांना पन्नास-साठ किलो, दहा किलोच्या फार तर सहा देगा. वलीम्याचा गाभा सहा भांड्यांत मावतो.

लग्नाची तारीख समुद्र ठरवी. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कितीतरी पुरुष इंग्रजांच्या बोटींवर खलाशी होते, काही दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत स्थिरावलेले. मुंबईहून कोकणात येणारी आगबोट पावसाळ्यात बंद. जुना तांदूळ, मसाले, केशर, कापड हे सगळे मुंबईहून बोटीने किंवा गलबताने यायचे, आणि जिथे धक्का नव्हता तिथे बोट खोल पाण्यात थांबे व पडावातून माणसे आणि पोती किनाऱ्याला लागत. म्हणून भात घरात आल्यापासून मृग लागण्यापर्यंतचा काळ हाच लग्नाचा. त्यात चांदाचे वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. रमजान एप्रिल-मे महिन्यांत आला की हंगाम आणखी आखूड होई. २०१८ ते २०२० मध्ये आपण हे अनुभवले आहे. १९४३च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि टंचाईच्या वर्षांत तर समारंभात किती पाहुण्यांना धान्याचे पदार्थ वाढायचे यावरही सरकारी बंधने आली. तरी देगा जमातीच्याच राहिल्या.

भाड्याने आणायची पहिली वस्तू बहुधा गॅसबत्ती असावी. मग लाउडस्पीकर, मग लोखंडी खुर्च्या. खरा बदल १९७३ नंतर झाला. तेलाचे भाव चढले, आखाती देशांत कामे निघाली आणि खलाशांची मुले कुवेत, सौदी, दुबईला गेली. रजा महिन्या-दोन महिन्यांची. त्यातच मुलगी पाहणे, निकाह, वलीमा, घराची कौले. सगळ्यांच्या रजा एकाच सुमारास आणि देगांचा संच एकच. रांगेत थांबायला वेळ नाही, हातात मात्र पैसा आहे. मंडपवाल्याचा धंदा या फटीत उभा राहिला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, रस्ते सुधारले, मुंबईचे पाहुणे दोन दिवसांत येऊन जाऊ लागले आणि मंडप खळ्यातून निघून वाळूकडे सरकला. समुद्र, ज्याच्याकडे आमच्या आजोबांनी कामाची जागा म्हणून पाहिले, तो फोटोमागचा पडदा झाला.

इथे जुन्या काळाचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे. पण त्या आठ देगांच्या मागे गावातल्या बायका होत्या. तांदळाच्या शेकडो भाकऱ्या हाताने थापायच्या, मसाला वाटायचा, धुरात दोन-तीन दिवस काढायचे आणि जेवायला शेवटी बसायचे. त्यांच्या मजुरीचा रकाना कोणत्याच कागदावर नव्हता. दुसरे, ज्या खोलीची किल्ली जमातीकडे असते त्या खोलीला कुलूपही जमातच घालू शकते. ज्याचे जमातीशी बिनसले, त्याला देगा नाहीत, जाजम नाही, वाढायला माणसे नाहीत. बहिष्काराचे हे हत्यार एकट्या मुसलमानांचे नव्हते. कोकणातल्या गावकीनेही ते मनसोक्त वापरले. महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही. भाड्याच्या दुकानात पैसे मोजणाऱ्याला कुणी मत विचारत नाही. मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या, जमातीशी भांडलेल्या, बाहेरून आलेल्या माणसाला मंडपवाल्याने मोकळीक दिली, हे मान्य करायला हवे.

पण त्या मोकळिकीची किंमत आता तिसराच कुणी देतो आहे. ज्यांची मुले आखातात नाहीत त्या घरांनाही मंडपवाल्याचाच दर पडतो. आणि खुर्च्या डोईप्रमाणे मोजायच्या म्हटल्या की पाहुण्यांच्या यादीतून पहिली नावे कापली जातात ती वाडीतल्या गरिबांची. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात त्याचे अन्न सर्वांत वाईट, अशा आशयाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. यादी कापताना ती सोयीने आठवत नाही.

मोकळ्या आकाशाखालच्या दावतीचा दाखला हवा असेल तर तोही आपल्याकडे आहे. हिजरी ७ मध्ये खैबरहून परतताना वाटेत प्रेषित मुहम्मद (स.) यांचा हजरत सफिया (रजि.) यांच्याशी विवाह झाला. वलीम्याला रोटी नव्हती, मांस नव्हते. जमिनीवर कातडी चटया पसरल्या, ज्याच्याकडे जे होते ते त्याने आणले: कुणी खजूर, कुणी तूप, कुणी सुकवलेले दही. ते एकत्र कालवून सर्वांनी खाल्ले. सामान कुणाचे, हा प्रश्न तिथे सगळ्यांचे, असा सुटला होता.

या हंगामात ज्यांना किनाऱ्यावर वलीमा करायचाच आहे त्यांच्यासाठी जुन्या माणसांच्या दोन-चार गोष्टी. चांदण्यासाठी चौदावीचा चांद धरू नका. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असते, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, हा खलाशांचा हिशेब आहे. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा, म्हणजे रात्रीचे जेवण चालू असताना पाणी वर चढत येणार. शुद्ध अष्टमीला पाऊणपट सहा. भांगाचे पाणी मुळात कमी चढते आणि मंडळी दस्तरखानावर बसतील तेव्हा ते ओसरत असते. अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत डोक्यावर राहतो. चांद एक-दोन तिथी उशिरा दिसतो, म्हणून ती आपल्या हिशेबाने सहावी-सातवी असते. मे अखेरीची तारीख टाळावी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीचे तौक्ते तर मेच्या मध्यालाच.

चुली पाहुण्यांच्या मागेही नकोत आणि समुद्राच्या बाजूलाही नकोत. दुपारभर खारे वारे धूर जमिनीकडे नेतात, रात्री मतलई वारे तोच धूर उलटा समुद्राकडे आणतात. उत्तरेला किंवा दक्षिणेला, बगलेत चूल मांडावी आणि वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा करावा, नाहीतर झाकणावरचे निखारे एका अंगाने फुलतात आणि दमाची देग अर्धी करपते, अर्धी कच्ची राहते.

१९९१च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आहे. वाळू सरकारची आहे, म्हणून 'आमचा बीच' म्हणणाऱ्याकडे परवानगीचा कागद मागावा. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. आणि मंडपवाल्याला फोन करण्याआधी मशिदीजवळच्या त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारावे. बऱ्याच ठिकाणी तांबे मोडीत गेले आणि अ‍ॅल्युमिनियम आले, पण देगा अजून आहेत. कल्हईचे पैसे द्या, घरच्या बायकांना भाकऱ्या थापायला न लावता चार भाकरीवाल्या बायकांना चोख मजुरी देऊन बोलवा, खुर्च्या वयस्कांपुरत्या घ्या. देग एका वेळी एकच उघडा, ती संपल्याशिवाय दुसरीच्या कणकेला हात लावू नका. दमट हवेत उघडा पडलेला कोमट भात तासा-दोन तासांत फसवतो.