खानदेशची शेवभाजी

शेवेची भाजी करतात असे खानदेशाबाहेर कोणाला सांगितले, की ऐकणारा आधी हसतो. शेव ही चहाबरोबर बशीत घालायची वस्तू. ती रश्श्यात बुडवून भाकरीशी कोणी खाते काय? वाचकहो, आपण जळगावचे किंवा धुळ्याचे असाल, तर हे हसू आपण पाहिलेले असेल. नसाल, तर आग्रा रोडवर धुळ्याच्या आसपास एखाद्या ढाब्यावर बसा आणि शेवभाजी मागवा. काळपट तांबडा रस्सा, वर तेलाची तर्री, त्यात जाड शेव, शेजारी कांदा, लिंबू आणि ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकर. पहिल्या घासाला कान तापतात. दुसऱ्या घासाला हात आपण होऊनच पुढे जातो.

ही भाजी यादवांच्या काळापासूनची, असे ठासून सांगणारे लोक भेटतात. त्यांना नाराज करावेसे वाटत नाही. पण पुरावा उलट आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, फारुकी सुलतानांचे खानदेश मोगलांकडे गेले आणि शाहजादा दानियाल याच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ म्हणू लागले. त्या मोहिमेत अबुल फजल स्वतः होता. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन आहे. इथे मुख्य पीक ज्वारीचे, काही ठिकाणी वर्षातून तीनदा येणारे, आणि तिची ताटे इतकी गोड की लोक ती फळासारखी खातात, असे तो लिहितो. म्हणजे भाकरीची साक्ष मिळाली. आता त्याच ग्रंथातला बादशाही मुदपाकखाना उघडून पाहा. मिरे आहेत, आले आहे, लवंगा आहेत. पण लाल मिरची नाही! ती पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून येऊन सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली आणि मग हळूहळू देशात आत शिरली. भुईमूगही तिकडचाच. तेव्हा शेवभाजीचा रंग आणि तिच्यावरचे शेंगदाण्याचे तेल, दोन्ही परदेशी पाहुणे. आज नंदुरबारचा मिरचीचा बाजार पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही, ती गोष्ट वेगळी.

हरभरा मात्र जुना, आपला. आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. खानदेशचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, नदीनाले आटतात, मळ्यात हिरवे पान राहत नाही. शेतावरून आलेल्या दहा माणसांना भाकरीबरोबर द्यायचे काय? घरातल्या बाईने याचे उत्तर डब्यातल्या पिठात शोधले. बेसन शिजवून, थापून, त्याच्या वड्या रश्श्यात सोडल्या, ती पातोडी. पिठाचे गोळे थेट उकळत्या रश्श्यात टाकले, ते डुबुकवडे. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून घातलेल्या कुरडया वाळवून ठेवल्या, तर त्यांचीही भिजवून भाजी झाली. या सगळ्यांत रस्सा एकाच घराण्याचा: कांदा आणि सुके खोबरे काळसर होईतो भाजायचे, लसूण-कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचे, काळा मसाला घालून तेल सुटेपर्यंत परतायचे, आणि वरून ओतायचे ते गरमच पाणी. शेवभाजी ही याच घराण्यातली धाकटी लेक, असे माझे मत आहे. तिच्यात नवीन एवढेच, की पिठाची वस्तू घरी न करता हलवायाकडून आयती आणली.

आयती शेव इथे मिळावी यात नवल नाही. खानदेशच्या एका अंगाला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला माळवा. दोघेही शेवेचे शौकीन. गुजरातेत टोमॅटोच्या भाजीत शेव घालतात, रतलामच्या शेवेचे नाव तर देशभर आहे. वाटाही जुन्या. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो नंदुरबार, चोपड्यावरूनच. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. मुंबई-आग्रा रस्ता तिथून गेला. पुढे सुरत-नागपूर रस्त्याने त्याला धुळ्यातच छेद दिला. मालमोटारी वाढल्या, तसे या चौफुलीभोवती ढाबे वाढले.

आता ढाबेवाल्याची अडचण पाहा. गिऱ्हाईक रात्री बारालाही येते, आणि वांगी-गवार त्याच्यासाठी निवडून ठेवता येत नाही. शेव मात्र डब्यात पंधरा दिवस टिकते. रस्सा चुलीवर रटरटत असतो. माणूस हातपाय धुऊन खाटेवर टेकला, की मग शेव पडते. आधी टाकली तर तिचे पिठले होते! म्हणून भाजीची शेव मुद्दाम जाड, ओवा-तिखट घातलेली आणि जरा कडक काढतात. बारीक नायलॉन शेवेची शेवभाजी जे देतात, त्यांच्याबद्दल न बोललेले बरे.

अशी ही भाजी ढाब्यांनी गाजवली, आणि मग ‘हा ढाब्यांचाच शोध’ असे म्हणण्याची रीत पडली. ते मला पटत नाही. ढाब्याने शेव आणली, वेळ साधली, पाटी रंगवली. पण रस्सा कोणाचा? भर चैत्रात मिरच्या खांडणाऱ्या, डोळे पुसत मसाला कुटणाऱ्या बायांचा. त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नाही.

इकडची कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतेला गेली; तिथल्या उधना, लिंबायत भागांत अहिराणी आजही कानावर पडते. आखाजीला गावी आलेली ही मंडळी परत निघतात, तेव्हा पिशवीत घरचा काळा मसाला असतो आणि सोबत किलो-दोन किलो भाजीची शेव. सुरतेच्या दुकानांत शेवेला तोटा नाही. पण ती रश्श्यात टिकत नाही, म्हणतात.