हिरे गेले, कागद उरले

पॅरिसच्या जवाहिऱ्याकडे ब्रोच घडण्याआधी कागदावर उतरे, तोही बहुधा प्रत्यक्ष आकारात. करड्या वा रंगीत कागदावर अपारदर्शक गुआश रंगांत काढलेल्या या चित्राला ‘गुआशे’ म्हणतात. प्रकाश नेहमी वरून, डावीकडून. त्यामुळे नक्षीचा उठाव कारागिराला सावलीवरूनच कळे. शुभ्र ठिपका म्हणजे हिऱ्याची चमक!

दागिन्यांचे आयुष्य मात्र बेभरवशाचे. फॅशन पालटली की खडे काढून नव्या कोंदणात बसवत. १८८७ मध्ये तर तिसऱ्या प्रजासत्ताकाने राजमुकुटाचे जडजवाहीरच लिलावात विकले. सम्राज्ञी युजेनीचा, फ्रान्स्वा क्रामरने १८५५ मध्ये घडवलेला हिऱ्यांचा बो-ब्रोच त्यातच गेला. लूव्रने २००८ मध्ये तो मिळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथूनच तो चोरीला गेला. शोमे पेढीच्या संग्रहात मात्र हजारो आरेखने आहेत. त्यांतले कित्येक दागिने आज फक्त कागदावरच दिसतात.