भाड्याचे घर: परसातील एका इतिहासाचे वाचन

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहरी जाणाऱ्या प्रवाशाला जुन्या वस्तीतील एखादे सुबक घर दोन-चार रात्रींसाठी भाड्याने घेता येते. अशा घरांच्या जाहिराती आम्ही वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या सवयीने, शब्दावर बोट ठेवून वाचतो. उघड्या विटांची भिंत, रुंद फळ्यांची जमीन, भली मोठी जुनी चूल आणि बागेत उघडणारा स्वतंत्र दरवाजा, असे वर्णन त्यांत वारंवार येते. वास्तूचे नाव बहुधा 'कॅरेज हाउस' किंवा 'किचन हाउस'. आपल्याकडील शब्द वापरायचे तर बग्गीखाना आणि मुदपाकखाना. ही दोन्ही नावे कामाची आहेत. ते काम करून तेथेच राहणाऱ्या माणसांचा त्यांत उल्लेख नाही. ही गाळलेली जागा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम घराची रचना पाहू. चार्ल्सटनचे वैशिष्ट्यपूर्ण घर एका खोलीच्या रुंदीचे असते. त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब बाजू आवाराकडे. या लांब बाजूला दुमजली-तिमजली ओसरी असते. तिला तेथे 'पियाझा' म्हणतात. रस्त्यावरचा दरवाजा उघडला की माणूस घरात न जाता या ओसरीवर येतो. मिळकत मात्र येथे संपत नाही. मागे परस, परसात मुदपाकखाना, धुण्याची जागा, पागा आणि या साऱ्यांना वेढणारी उंच भिंत. मुदपाकखान्याच्या आणि पागेच्या माडीवर गुलाम राहत. त्यांच्या खिडक्या बहुधा आतल्या अंगणाकडे, म्हणजे मालकाच्या नजरेच्या टप्प्यात. 1820 च्या जनगणनेत या शहरात कृष्णवर्णीयांची संख्या गौरवर्णीयांहून अधिक होती आणि त्यांतील बहुसंख्य गुलाम होते. 1822 साली डेन्मार्क व्हेसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराने उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून त्याच्यासह 35 जणांना फाशी देण्यात आले. या शहरात उंच भिंत ही केवळ शोभेची बाब नव्हती, हे यावरून ध्यानात यावे.

ज्या आवारात आज खोली भाड्याने मिळते, त्याच आवारातून एकेकाळी माणसे भाड्याने दिली जात. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे कामास पाठवी आणि त्याच्या मजुरीतील मोठा वाटा स्वतः घेई. अशा गुलामासाठी दरवर्षी शहराकडून तांब्याचा बिल्ला विकत घ्यावा लागे. या बिल्ल्यांपैकी कित्येक आज संग्रहालयांत आहेत. त्यांवर शहराचे नाव, वर्ष, क्रमांक आणि व्यवसाय कोरलेला असतो: नोकर, हमाल, कारागीर, कोळी, फळविक्या. माणसाचे नाव मात्र नसते. कामाचे नाव ठेवायचे आणि माणसाचे गाळायचे ही बिल्ल्याची रीत; 'कॅरेज हाउस' हा शब्द नेमका याच रीतीचा वारस आहे.

मग हे आवार सुंदर केव्हा झाले? यादवी युद्धानंतर शहराची भरभराट ओसरली. जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याइतका पैसा फारसा कोणाकडे नव्हता, आणि दारिद्र्यानेच पुष्कळशी वास्तुसंपदा राखली. 1920 साली सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकाराने जुन्या घरांच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली आणि 1931 साली शहराने ऐतिहासिक वस्तीच्या रक्षणाचा नियम केला. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिलाच नियम. त्याचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु जतन भिंतींचे झाले. त्यांच्या आत राहणाऱ्यांचे काय झाले, हेही विचारले पाहिजे.

येथे वाङ्मयाचा एक दाखला उपयोगी पडतो. डुबोस हेवर्ड यांची 'पोर्गी' ही कादंबरी 1925 साली प्रसिद्ध झाली; तिच्यावरूनच पुढे 1935 साली गर्श्विन यांचा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा रंगभूमीवर आला. कादंबरीतील 'कॅटफिश रो' ही वस्ती चर्च स्ट्रीटवरील 'कॅबेज रो' या खऱ्या चाळवजा इमारतींवर बेतलेली आहे. कादंबरीने त्या जागेला कीर्ती दिली, जीर्णोद्धाराने तिला रूप दिले. पण तेथील कृष्णवर्णीय भाडेकरू तेथे उरले नाहीत. 1959 पासून ॲन्सनबरो भागात घरे विकत घेऊन, जतनाच्या अटी घालून ती पुन्हा विकण्याचा जो उपक्रम झाला, त्यातही साठाहून अधिक वास्तू वाचल्या आणि अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे बाहेर गेली. एकेकाळी शहराच्या जुन्या द्वीपकल्पावर बहुसंख्य असलेला हा समाज आज तेथे अल्पसंख्य आहे. ज्यांच्या पूर्वजांनी ती घरे बांधली, त्यांच्यापैकी अनेकांना आता तेथील भाडे परवडत नाही.

2018 साली शहराने अल्पमुदतीच्या भाड्यावर कडक निर्बंध घातले. निवासी भागात घर असे भाड्याने द्यायचे तर मालकाने स्वतः त्याच मिळकतीत राहिले पाहिजे, ही त्यातील प्रमुख अट. शेजार टिकावा हा तिचा हेतू रास्तच आहे. पण तिचा एक परिणाम आम्हाला विलक्षण वाटतो. पुढच्या घरात मालक आणि परसातील इमारतीत दुसरे कोणी, ही जुनीच मांडणी तिने नकळत पुन्हा सोयीची केली. त्याच वर्षी जून महिन्यात शहराच्या नगरपरिषदेने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल क्षमायाचना केली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

2022 साली मिसिसिपी राज्यातील गुलामांची एक जुनी खोपटी 'एअरबीएनबी'वर भाड्याने दिली जात असल्याचे उघड झाले आणि मोठा क्षोभ उसळला. कंपनीने माफी मागितली व गुलामांची निवासस्थाने म्हणून ज्ञात असलेल्या वास्तू यादीतून काढण्याचे जाहीर केले. निर्णय योग्यच होता. परंतु त्यात एक पेच आहे. जो मालक खरे नाव सांगेल त्याची जागा यादीतून जाणार आणि जो 'बग्गीखाना' म्हणेल त्याची राहणार असेल, तर मौनालाच अधिक भाव येईल.

मराठी वाचकाला हा नावाचा प्रश्न परका नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला. तेथील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. फुल्यांनी रूढी, परंपरा असे सौम्य शब्द टाळून ग्रंथाला 'गुलामगिरी' हेच नाव दिले. नाव बदलले की वास्तू निराळी दिसू लागते, हे त्यांनी जाणले होते.

मग अशा घरात राहूच नये काय? आम्हाला तसे वाटत नाही. चार्ल्सटनचेच जोसेफ मॅकगिल 2010 पासून गुलामांच्या जुन्या निवासस्थानांत जाऊन, अनेकदा इतरांना सोबत घेऊन, रात्री मुक्काम करीत आले आहेत. या वास्तू टिकाव्यात आणि त्यांचा इतिहास उच्चारला जावा, हा त्यांचा हेतू. पर्यटकही रात्रच काढतो आणि मॅकगिलही. छप्पर कदाचित सारखेच असेल. फरक आहे तो आपण कोठे निजलो आहोत हे ठाऊक असण्याचा.

चार्ल्सटनच्या काही जुन्या विटांवर त्या थापणाऱ्या गुलामांच्या बोटांचे ठसे आजही दिसतात. काही ठसे तर लहान मुलांच्या बोटांचे आहेत. जाहिरातीतील 'उघड्या विटांची भिंत' हे शब्द पुन्हा वाचताना निदान ते ठसे आपल्या डोळ्यांपुढे असावेत.