दहिसर
मुंबई उपनगर जिल्ह्यातील, बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेवरचे उपनगर. १९५७ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौ. किमी. जंगल, तर पश्चिमेस खाडी व तिवरांची वने आहेत. उद्यानात बिबट्या, चितळ व सांबर आढळतात. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी येथून खाडीला मिळते. सांडपाणी व अतिक्रमणांमुळे तिचा ऱ्हास झाला असून तिचे संवर्धन निकडीचे आहे. जवळच मंडपेश्वर व उद्यानातील कान्हेरी ही लेणी आहेत. भेटीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. उद्यान सोमवारी बंद असते. पश्चिम रेल्वेचे स्थानक येथे असून २०२२ पासून मेट्रोचीही सोय आहे.