६३०५ आणि इंचातलं बेअरिंग

यंत्र नेमकं कधी मरतं, याचं लष्करात एक कागदी उत्तर आहे. बोर्ड बसतो, तपासणी होते, 'बीईआर' म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडे असा शेरा पडतो आणि गाडी लिलावाच्या रांगेत जाऊन उभी राहते. पण वर्कशॉपमध्ये दिवस काढलेल्या माणसाला विचारलं, तर तो वेगळं सांगेल. झीज ही रोजचीच गोष्ट आहे. झिजलेला भाग बदलता येतो. तो बदलायला नवा भाग मिळेनासा झाला, की मग गाडी खरोखर संपते.

मी सिग्नलवाला. आमच्या कोअरचा आणि मोटरसायकलचा संबंध जुना आहे. वायरलेस बंद पडला, लाइन तुटली, तरी निरोप पोचवायचा तो डिस्पॅच रायडरने. त्यामुळे जुनी मोटरसायकल दिसली की आमच्या लोकांचे हात शिवशिवतात. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये माझ्या वाट्याला अशा दोन गाड्या आल्या. एक १९६०च्या दशकातली मद्रास बनावटीची बुलेट, आणि दुसरी दुसऱ्या महायुद्धातली नॉर्टन १६एच, जी कित्येक वर्षं हिरवा रंग फासून लॉनवर शोभेला उभी होती. कोअरच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात दोन्ही स्वतःच्या इंजिनावर चालल्या पाहिजेत, असं ठरलं. इंजिनं उघडली आणि अडचण एकाच जागी येऊन थांबली : बेअरिंग.

बेअरिंग म्हणजे पोलादाच्या दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये छर्रे किंवा रोलर. इंजिनाचा क्रँक यावरच फिरतो. आकाराने तळहाताएवढी वस्तू. पण या वस्तूसाठी महायुद्धात काय काय घडलं, ते पाहिलं की तिच्याकडे बघायची नजर बदलते.

१८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या अचूक गोल घासणारं यंत्र बनवलं आणि ते गाव या धंद्याचं केंद्र झालं. १९०७ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्वेन विंगक्विस्ट याने एसकेएफ स्थापन केली. पुढे विमान, रणगाडा, पाणबुडी, काहीही बनवायचं तर बेअरिंग लागणारच, हे दोन्ही बाजूंच्या सेनापतींना कळलं होतं. म्हणून अमेरिकन हवाई दलाने १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ या दोन दिवशी श्वाइनफुर्टवर दिवसाउजेडी हल्ले केले. १७ ऑगस्टला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग अशा दोन लक्ष्यांवर मिळून ६० बॉम्बर पडले, १४ ऑक्टोबरला एकट्या श्वाइनफुर्टवर आणखी ६०. एका विमानात दहा माणसं, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. जर्मनांनी कारखाने विखुरले आणि जमेल तिथे छर्ऱ्यांच्या बेअरिंगऐवजी साधे बुश वापरायला सुरुवात केली.

ब्रिटनची बाजूही तितकीच हातघाईची होती. तटस्थ स्वीडनकडून बेअरिंग आणण्यासाठी ब्रिटिशांनी पाच वेगवान बोटी जर्मन पहारा चुकवत उत्तर समुद्रातून पाठवल्या. 'ऑपरेशन ब्रिडफर्ड' ते हेच. त्यातली एक शत्रूच्या हाती लागली. मॉस्किटो विमानंही स्कॉटलंड ते स्टॉकहोम ये-जा करत आणि परतताना बेअरिंग आणत. याच मार्गावरच्या एका मॉस्किटोच्या बॉम्बच्या कप्प्यात बसून ऑक्टोबर १९४३ मध्ये नील्स बोर हा शास्त्रज्ञ ब्रिटनला पोचला. अणुशास्त्रज्ञ आणि बेअरिंग एकाच वाटेने येत होते, यावरून त्या मालाची किंमत लक्षात यावी.

आणि इकडे, श्वाइनफुर्टच्या दुसऱ्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९४३ रोजी, हिंदुस्थानात ईएमई कोअर उभी राहिली. हा योगायोगच. पण कारण एका जातीचं होतं. युद्ध आता यंत्रांचं झालं होतं आणि यंत्र चालू ठेवणं हेच स्वतंत्र सैनिकी काम बनलं होतं.

त्या युद्धात ब्रिटनने मोटरसायकली अक्षरशः लाखाने काढल्या. एकट्या बीएसए एम२० या मॉडेलच्या सुमारे १,२६,००० गाड्या, नॉर्टनच्या जवळपास एक लाख. त्यातल्या कित्येक हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर 'डिस्पोजलचा माल' म्हणून विकल्या गेल्या. आमची नॉर्टन त्याच पिढीतली.

आता दोन गाड्यांतला फरक सांगतो.

बुलेटचं काम तुलनेने सोपं निघालं. मद्रास मोटर्सने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्करासाठी बुलेट आणल्या, १९५५ साली एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरला गाडी बनू लागली. रेडिचचा मूळ इंग्रज कारखाना १९६७ साली बंद पडला, आपल्याकडे मात्र तीच गाडी चालत राहिली. तिचे अनेक नटबोल्ट आजही इंची पान्याने उघडतात, पण क्रँकची बेअरिंग्ज मिलिमीटरमधली, ३०५ कुळातली. ६३०५ हा आकडा वाचायला शिका, मजा येते. ६ म्हणजे छर्ऱ्यांची एक ओळ असलेलं खोल खाचेचं बेअरिंग. ३ म्हणजे मध्यम जाडीची मालिका. ०५ ला पाचाने गुणा : २५ मिलिमीटरचा शाफ्ट. बाहेरचा व्यास ६२, रुंदी १७. हा आकडा कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. जयपूरचं एनबीसी घ्या, चिंचवडला बनलेलं एसकेएफ घ्या, वडोदऱ्याचं एफएजी घ्या, माप तेच. पाण्याच्या पंपात आणि विजेच्या मोटरीत हेच बेअरिंग फिरतं. म्हणून गाडी बनवणारा बुडाला तरी बेअरिंग मिळत राहतं. फक्त इंजिनासाठी घेताना त्यावर 'सी३' लिहिलेलं हवं, म्हणजे आतली फट थोडी जास्त असलेलं. इंजिन तापलं आणि घट्ट बसवलेली कडी आवळली गेली, तरी छर्रे मोकळे राहतात.

नॉर्टन मात्र इंचाच्या जगातली. त्या काळच्या ब्रिटिश इंजिनांत सर्रास वापरलं जाणारं एक माप पाहा : शाफ्ट १ इंच, बाहेरचा व्यास अडीच इंच, रुंदी पाऊण इंच. म्हणजे २५.४, ६३.५ आणि १९.०५ मिलिमीटर. ६३०५ शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक जाणवतही नाही. पण शाफ्टवरचा ०.४ मिलिमीटर म्हणजे इंजिनाच्या भाषेत खिंडार आहे.

ही इंची बेअरिंग्ज बनवणारे इंग्लंडमध्ये मुख्यतः तिघे : चेम्सफर्डचे हॉफमन, न्यूअर्कचे रॅन्सम अँड मार्ल्स आणि पोलार्ड. त्यातही एकाच मापाला प्रत्येकाचं नाव वेगळं. हॉफमन ज्याला 'एमएस' म्हणे, त्याला रॅन्सम 'एमजे' म्हणे आणि एसकेएफ 'आरएमएस'. जुन्या पार्ट्स बुकात एक नाव, दुकानाच्या रजिस्टरात दुसरं. माल समोर पडलेला असतानाही 'नाही' असं उत्तर का मिळतं, ते यामुळे. १९६९ साली हे तिघे मिळून आरएचपी झाले, १९९० साली जपानच्या एनएसकेने ती विकत घेतली. दरम्यान भारताने १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली होती आणि १९६५ पासून ब्रिटननेही ती वाट धरली. इंची बेअरिंग आज अगदीच नाहीसं झालेलं नाही. ते थोड्या संख्येने, चढ्या भावाने बनतं. पण आपल्या बाजारात ते मागणारा उरला नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. कोलकात्याचा मलिक बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट, मुंबईची नागदेवी स्ट्रीट, चेन्नईचं पुदुपेट. तिथे कोर्समेट आणि जुने जवान कामाला लागले. तीन अनुभव आले. पहिला, मेणकागदात गुंडाळलेला खरा जुना माल. दिसायला कोरा, पण पेट्रोलने धुऊन हातात धरून हळू फिरवला की बोटांना खरखर लागते. कित्येक वर्षं एकाच जागी पडून राहिल्याने छर्ऱ्यांखाली गंजाचे ठिपके उठलेले असतात. असा माल दाखवायला चांगला, बसवायला नाही. दुसरा, एका ठिकाणाहून आलेलं 'इम्पोर्टेड' बेअरिंग. थिनरचा बोळा फिरवला तर त्यावरचं नावच पुसलं गेलं. तिसरा अनुभव सल्ल्याचा, आणि तो सर्वांत जास्त वेळा मिळाला : "साहब, शाफ्ट घिसवा दो, ६३०५ डाल दो, काम खतम."

हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. शाफ्ट घासून २५ वर आणायचा, केसिंगमध्ये कडी ठोकून भोक ६२ करायचं, दोन दिवसांत गाडी चालू. मेळाव्याची तारीख जवळ येत होती. पण घासलेला शाफ्ट पुन्हा जाड होत नाही. १९४०च्या दशकात ज्या मापाने तो शाफ्ट बनला, ते माप ही त्या गाडीची साक्ष आहे. ती पुसायचा अधिकार मेळाव्याच्या तारखेला नाही, असं मला वाटलं. तेव्हा ठरवलं की मेळाव्यात नॉर्टन ढकलत आणायची. आणली. ऐंशी ओलांडलेल्या एका सुभेदार मेजर साहेबांनी टाकीवर हात ठेवला आणि विचारलं, "चलती नहीं?" मी म्हटलं, "साहब, पुर्जा आ रहा है." ते म्हणाले, "तो ठीक है." ब्रिटनहून नवं बनलेलं इंची बेअरिंग यायला आणखी पाच महिने गेले.

बुलेटची खरी अडचण पुढे होती. तिच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे बिग एंडला, छर्रे नाहीत, रोलरही नाहीत. तिथे पोलादाचा तरंगता बुश असतो, आतून-बाहेरून पांढऱ्या धातूचा थर दिलेला. पांढरा धातू म्हणजे मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी आणि तांबं. हा बुश पिनवरही फिरतो आणि रॉडमध्येही, तेलाच्या पापुद्र्यावर. याला जागतिक आकडा नाही. तो बुलेटसाठीच बनला. ते जुनं ओतीव लोखंडी इंजिन कंपनीने २०१०च्या आसपास थांबवलं. बाहेरचे कारखानदार अजून बुश बनवतात, पण एकाच दुकानातले दोन बुश एकसारखे निघतील याची खात्री नाही. रोलर बसवण्याचे संचही मिळतात. आम्हाला मूळ पद्धतच ठेवायची होती.

हे काम एका निवृत्त हवालदार उस्तादांनी केलं. वय सत्तरच्या पुढे, गाव गढवाल. त्यांनी चार बुश मागवले, मायक्रोमीटर लावला, तीन बाजूला ठेवले. चौथा पिनवर चढवला, तेलाचा थेंब सोडला, बोटाने टिचकी मारली आणि तो किती वेळ फिरतो ते नुसतं ऐकलं. इंजिन बांधून झाल्यावर, किक मारण्याआधी, तेल क्रँकपर्यंत पोचलंय की नाही हे पाहण्यात त्यांनी अर्धा तास घालवला. कोरड्या बुशावर पहिली किक मारली तर नवा बिग एंड तिथेच जखमी होतो. मी विचारलं, "उस्ताद, हे कुठे लिहिलंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. त्या दिवसापासून आमचे दोन तरुण जवान त्यांच्या शेजारी वही घेऊन बसू लागले.

हे मोटरसायकलचं कौतुक म्हणून सांगत नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा आपल्या तिन्ही दलांना हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. रणगाडे, विमानं जागच्या जागी होती. पण त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले. एएन-३२ विमान बनवणारं कीव्ह आता युक्रेनमध्ये होतं. कुणाकडे मागायचं, कोणत्या चलनात पैसे द्यायचे, इथून सुरुवात झाली. नाशिकजवळ ओझरला मिग बनवणाऱ्या आपल्या माणसांनी जे हाताने शिकून ठेवलं होतं, त्याची किंमत अशा वेळी कळते.

जुन्या गाडीच्या निमित्ताने भाग तीन जातींचे असतात, एवढं मी शिकलो. ज्याला जगाने मान्य केलेला आकडा आहे, त्याची काळजी नाही. ज्याचा आकडा जगाने टाकून दिला, तो पैसे आणि धीर खर्चून मिळतो. ज्याला आकडाच नव्हता, तो फक्त माणसाच्या हातात शिल्लक असतो, आणि माणूस पेन्शनवर जातो.

वाचकांत माजी सैनिक बरेच आहेत, विशेषतः ईएमई आणि सिग्नलचे. तुमच्या ट्रंकेत जुनी पार्ट्स बुकं, वर्कशॉप मॅन्युअल, हाताने काढलेले मापांचे तक्ते असतील, तर ते रद्दीत घालू नका. आपल्या कोअरच्या म्युझियमला किंवा जवळच्या युनिटला द्या. आणि एखादं काम तुम्ही नुसतं कानाने ऐकून करत असाल, तर कुणातरी पोराला शेजारी बसवा.

बुलेट आता रोज सकाळी चालते. नॉर्टन आठवड्यातून एकदा, रविवारी.